फियाटची थरथर

गंगाखेडला काकांची प्रीमियर पद्मिनी ब्रेक दाबला की थरथरते. 'म्हातारी झाली,' असं काका म्हणतात. मला त्यात इतिहास दिसतो. १९०२ मध्ये रेनोने ड्रम ब्रेक आणला, त्याच वर्षी लँचेस्टरने डिस्कचं पेटंट घेतलं. १९५३ ची ल माँ शर्यत जग्वारने डिस्कच्या जोरावर जिंकली. कुर्ल्याच्या पद्मिनीला मात्र चारही चाकांना ड्रमच राहिले.

ड्रमची गोलाई बिघडली, की लायनर कुठे घट्ट घासतो, कुठे सैल. तीच थरथर पायाला कळते. स्टिअरिंगही हललं, तर आधी पुढचे ड्रम बघा. ब्रेक न लावताच थरथरली, तर दोष बहुधा चाकात.

उपाय? लेथवर ड्रम टर्न करून घ्यायचा. पण मापाबाहेर कातलेला ड्रम पातळ होतो, जास्त तापतो, तडकूही शकतो. तिथे काटकसर नको बरं का, नवाच बसवा!