कापडाची नक्षी आणि कापडाची घडी

औंढा नागनाथच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या ओळी आहेत. दगडात कापड दाखवायचे, तर शिल्पकाराची सारी भिस्त छिन्नीच्या रेषेवर असते. वस्त्राची रेषा मांडीच्या गोलाईबरोबर वळली, तर दगड कापडासारखा भासतो. सरळ गेली, तर तो नुसता ओरखडा ठरतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनाही हे ठाऊक होते. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या अधोवस्त्राचे पट्टे शरीराच्या वळणाने जातात. ही चित्रे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानली जातात.

1839 मध्ये छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली आणि 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आता घडी आणि सावली आपोआप मिळू लागली. हरवला तो रंग. शिवाय 1851 नंतर रूढ झालेल्या कोलोडियनच्या काचा मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. त्यामुळे लाल लुगडे जवळजवळ काळे उमटे, तर निळे अपेक्षेपेक्षा फिकट दिसे. 1873 मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून काचांची संवेदनक्षमता हिरव्या-पिवळ्या प्रकाशापर्यंत वाढवली. लाल रंगाची पंचाईत सुटायला विसावे शतक उजाडले.

तोवर रंग भरण्याचे काम कुंचल्याने होई. काही चित्रकार छायाचित्रावर दाट, अपारदर्शक रंग देत. नक्षी ठसठशीत दिसे, पण खालच्या घड्या झाकल्या जाऊन कापड पुठ्ठ्यासारखे सपाट होई. काही जण पातळ, पारदर्शक रंग देत. प्रकाश रंगाच्या थरातून खालच्या छायाचित्रापर्यंत जाई आणि परत येई. सावलीच्या जागी रंगही गडद होई. असे कापड खरे वाटे.

याचे कारण साध्या गुणाकारात आहे. कापडाचा एखादा ठिपका त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी 60 टक्के परावर्तित करतो असे समजू. घडीच्या खोबणीत निम्माच प्रकाश पोचत असेल, तर तिथून 0.6 × 0.5 = 0.3, म्हणजे 30 टक्के प्रकाश डोळ्यांकडे येईल. नक्षी हा एक गुणक आणि सावली हा दुसरा. अपारदर्शक रंग दुसरा गुणक पुसून टाकतो.

संगणकाने हेच दोन धडे पुन्हा गिरवले. 1974 मध्ये युटा विद्यापीठात एडविन कॅटमल यांनी वक्र पृष्ठभागावर नक्षी वळवून बसवण्याची रीत मांडली. 1978 मध्ये जेम्स ब्लिन यांनी सपाट पृष्ठभागावर सुरकुत्यांचा भास निर्माण करण्याचे गणित दिले. 1990 मध्ये फोटोशॉप बाजारात आले. आज साध्या सदऱ्याच्या छायाचित्रावर चौकटीची नक्षी चढवताना प्रथम तिच्या रेषा घड्यांप्रमाणे वाकवतात आणि मग तिचा सावलीशी गुणाकार करतात. मूळ सदरा पांढरा असेल तर काम सोपे होते. कारण पांढरे कापड सगळीकडे सारखेच परावर्तन करते, म्हणून छायाचित्रात दिसणारा उजेड-अंधार हा केवळ घड्यांचा असतो.

पण भास जितका बेमालूम, तितका इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहायला हवे. विल्यम जॉन्सन यांनी 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतील विविध जमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांत स्टुडिओत टिपलेल्या माणसांच्या आकृती दुसऱ्याच दृश्यांवर बसवलेल्या आढळतात. तेथे पोशाखाचा पुरावा टिकतो, स्थळाचा टिकत नाही. रंगवलेल्या छायाचित्रात उलट असते: घडी कॅमेऱ्याची, रंग रंगाऱ्याचा. लोकमान्य टिळकांच्या कृष्णधवल छायाचित्राला नंतर रंग दिला, तर पगडीचा लाल रंग त्या छायाचित्रातून आलेला नसतो. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. घडी पडलेल्या पांढऱ्या धोतराच्या कृष्णधवल छायाचित्राच्या दोन प्रती घ्याव्यात. एकीवर दाट पोस्टर रंग द्यावा, दुसरीवर पाण्यासारखा पातळ जलरंग. कोणते कापड खरे वाटते, ते मुलांना विचारावे. मग दुसरा प्रश्न विचारावा: धोतराचा हा रंग खरा कशावरून? पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळे देतील. दुसऱ्याचे उत्तर त्या दोन्ही प्रतींत नाही, हे मुलांनी स्वतः शोधून काढले की धडा पुरा झाला, असे आम्हाला वाटते.