रुमाल सोडल्यानंतर

जुन्या वाड्याच्या माळ्यावर मोडी कागद सापडतो, त्याचा फोटो निघतो आणि साताऱ्याहून सांगलीपर्यंत मोबाइलवरून फिरतो. कागद कुणाच्या घरातला, तो वाचला कुणी, हे मात्र वाटेतच गळून पडतं. नवल हाती लागलं की चार जणांना दाखवावं, त्यांनी त्यावर बोलावं, ही हौस जुनी आहे आणि निकोपही आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुलखात तिच्यातून एक विद्या उभी राहिली. ती उभी राहिली कागद सापडले म्हणून नव्हे, कागद तर घरोघरी पडून होते. ते लोकांपुढे ठेवण्याची एक रीत घडली, म्हणून ती उभी राहिली.

वि. का. राजवाडे यांना वाईत पेशवाईतल्या पत्रांचा साठा मिळाला आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पानिपतच्या आगेमागे लिहिलेली पत्रं त्यात होती. बखरींवर पोसलेल्या वाचकांपुढे राजवाड्यांनी ती मूळ शब्दांत ठेवली आणि बखरकारांच्या चुका प्रस्तावनेत दाखवल्या. मिरजेत शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे १८९७ पासून पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतले कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापत होते. साताऱ्याला द. ब. पारसनीसांनी १९०८ मध्ये ‘इतिहाससंग्रह’ मासिक सुरू केलं. तिघांचे स्वभाव वेगळे होते, पण आपल्या हाती आलेला कागद इतरांनाही वाचता यावा, ही कळकळ तिघांचीही होती.

हे किती गरजेचं होतं, ते कागदच सांगतो. कागद बांधलेला रुमाल सोडावा, घडी उलगडावी, तर बोरूने लिहिलेल्या मोडीच्या सलग ओळी दिसतात. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. तारखेच्या जागी ‘छ’ हे अक्षर, पुढे चंद्रदिनाचा आकडा आणि रबिलावल किंवा जिल्काद असा महिना. साल पुष्कळदा नसतंच, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होतं. मग मजकुरातला एखादा मुक्काम, एखादं लग्न, एखादा मृत्यू धरून साल ठरवावं लागतं. ते चुकलं तर एका मोहिमेचं पत्र दुसऱ्या मोहिमेला जाऊन चिकटतं. अशी चूक एकट्याला उमगणं कठीण. मूळ मजकूर छापलेला असेल आणि संपादकाचं अनुमान त्यापासून वेगळं मांडलेलं असेल, तरच दुसऱ्या गावचा वाचक आपल्याजवळचा कागद शेजारी ठेवून साल दुरुस्त करू शकतो. १९१० मध्ये पुण्यात राजवाड्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. नवा कागद सभेत वाचायचा आणि त्यावर वाद घालायचा, ही रीत तिथे रुजली.

यावर कुणी म्हणेल, ते व्यासंगी लोक होते. सामान्य माणूस गंमत म्हणून काही पाठवतो, त्याच्यावर पुराव्याचं ओझं कशाला? पण इथे विद्वत्ता मागितलेलीच नाही. ‘अमक्या गावच्या अमक्या वाड्यातला कागद, वाचन नक्की नाही’ एवढी एक ओळ जोडायला मोडीसुद्धा यावी लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: छापायचे कागद निवडणारा संपादकच असतो आणि निवडीत त्याचा कल उतरतो. हे खरंच आहे. राजवाड्यांची मतं तर फार ठाम असत. तरीही त्यांच्याशी भांडायला लागणारं साहित्य त्यांनीच वाचकाच्या हाती दिलं होतं. फिरत्या फोटोत नेमकं तेच नसतं. घर आणि गाव गळालेल्या कागदावर ‘वा!’ म्हणता येतं, ‘असं नव्हे, असं’ म्हणता येत नाही. माळ्यावरचा कागद वाळवीच्या तोंडातून वाचवणाऱ्याने म्हणून एवढं करावं: फोटोखाली त्याचं गाव लिहावं.