दम खाल्लेले क्रियापद

व्हाइटफील्ड म्हटले की आज संगणक-कंपन्यांच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. पण या गावाचा जन्म शेतीसाठी झाला. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या वसाहतीस ३,९०० एकर जमीन दिली, आणि त्या समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांचे नाव गावास मिळाले.

त्याच वर्षी आर्थर बर्नेल निवर्तले. मद्रास इलाख्यातील हे सनदी अधिकारी तंजावरास न्यायाधीश होते, आणि तेथील भोसले राजांच्या ग्रंथसंग्रहातील संस्कृत पोथ्यांची सूची त्यांनीच केली. कर्नल यूल यांच्यासह त्यांनी रचलेला 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ साली निघाला. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या तोंडी रुळलेले देशी शब्द त्यात आहेत.

त्यांतले 'डमकाउ' हे दुर्मिळ क्रियापद आम्हांस फार आवडते. अर्थ : एखाद्यास दरडावून गप्प बसविणे. कोशकार त्याचे मूळ 'दम खाना', म्हणजे मुकाट राहणे, यात दाखवितात. इंग्रजी कानाला 'डम' मध्ये मुका ऐकू आला, 'काउ' मध्ये धाक ऐकू आला. आणि स्वतः गप्प राहण्याचे क्रियापद दुसऱ्यास गप्प करण्याचे झाले! मराठी वाचकास यात नवल वाटू नये. आपल्याकडे दम खाणारा थांबतो, दम धरणारा धीर धरतो आणि दम भरणारा धमकावतो. एकाच फारसी श्वासाची ही तिन्ही रूपे.

याच कोशात 'गबराव' म्हणजे घाबरवणे, 'पकराव' म्हणजे पकडणे, 'बनाव' म्हणजे तयार करणे, अशी आणखी क्रियापदे आढळतात. घबराओ, पकडाओ, बनाओ : सगळी आज्ञार्थी! साहेबाने देशी भाषेतून उचलले ते हुकमाचे रूप. 'मी करतो', 'आपण करू या' ही रूपे त्याच्या फारशी उपयोगाची नसावीत. नोकरचाकर नि शिपाई यांच्यापलीकडे ती भाषा बोलण्याचा प्रसंग त्याला क्वचितच येई.

त्याला हसताना आम्हांस आमचीच आठवण झाली. येथे बदलून आल्यावर पहिल्या वर्षी आमच्या कन्नडची एकूण मिळकत होती : 'बा', 'होगु', 'तगोंडु बा'. 'बन्नी' म्हणजे 'या' असे आदरार्थी रूप आहे, हे पुढे भाजीवाल्या आजींनी आम्हांस शिकविले.