'शुभंकर' म्हणजे कोण? स्किझोफ्रेनिया रुग्णांच्या कुटुंबीयांच्या आधारगटांची गोष्ट

रक्तदाब आटोक्यात येत नाही, रात्री झोप लागत नाही, मान आणि पाठ सतत धरलेली असते. अशा तक्रारी घेऊन पन्नाशी-साठीतल्या अनेक स्त्रिया जनरल फिजिशियनकडे येतात. तपासण्या होतात, गोळ्या बदलतात, तरी फरक पडत नाही. मग "घरी कोण कोण असते?" असे विचारले की काही जणींच्या बाबतीत खरे कारण हळूहळू बाहेर येते. तिशीतला मुलगा सहा वर्षांपासून नोकरी सोडून घरी आहे. त्याला कानात आवाज ऐकू येतात. शेजारी आपल्याविरुद्ध कट करतात असे त्याला वाटते. त्याचे औषध चालू आहे, पण त्याच्या आईला आजवर कुणी "तुम्ही कशा आहात?" असे विचारलेले नाही.

आमच्या सारसोळे-नेरूळ भागात याची दोन रूपे दिसतात. जुन्या आगरी-कोळी गावठाणात घराला घर लागून असते. आजार साऱ्या आळीला माहीत असतो आणि धाकट्या बहिणीचे लग्न कसे जमेल ही चिंता असते. सिडकोच्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबात नवरा-बायको आणि आजारी मूल एवढेच असतात. तिथे शेजाऱ्याला काहीच माहीत नसते आणि मदतीलाही कोणी नसते. दोन्हीकडे घरच्यांना एकच गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या माणसाशी मोकळेपणाने बोलायची जागा. अशी जागा म्हणजे आधारगट. तो कसा जन्माला आला आणि महाराष्ट्रात कसा रुजला, ते आज पाहू.

आजाराविषयी थोडक्यात

स्किझोफ्रेनिया हा मेंदूच्या कामकाजाशी संबंधित गंभीर मानसिक आजार आहे. भास होणे, खोट्या समजुती ठाम धरून बसणे, विचारांची साखळी तुटणे, बोलणे आणि उत्साह कमी होणे ही त्याची मुख्य लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला तो असतो. बहुतेकांमध्ये तो किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत सुरू होतो, म्हणजे आईवडिलांना आता मूल मार्गी लागले असे वाटू लागते नेमक्या त्याच वेळी. त्यामुळे काळजी घेण्याचे काम काही महिन्यांचे नसते, ते बहुधा वीस-तीस वर्षांचे असते.

घरच्यांवर ठपका

आज आपण कुटुंबाला उपचारातला भागीदार म्हणतो. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी स्थिती उलटी होती. १९४८ मध्ये अमेरिकेतील मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी स्किझोफ्रेनियाला कारणीभूत ठरणारी आई अशी कल्पना मांडली. आईचे वागणे थंड आणि दडपणारे असल्यामुळे मुलाला आजार होतो, असा त्याचा अर्थ होता. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या परस्परविरोधी संदेशांतून हा आजार निर्माण होतो, असा सिद्धान्त मांडला. पुढच्या संशोधनात या कल्पना टिकल्या नाहीत. आनुवंशिकता आणि मेंदूतील बदल यांचा वाटा मोठा असल्याचे स्पष्ट झाले. तोवर पाश्चात्त्य देशांतल्या एका संपूर्ण पिढीच्या आयांनी हा दोष डोक्यावर वाहिला होता. आपल्याकडेही "लाडाने बिघडवलेत" किंवा "फार धाकात ठेवलेत" अशी वाक्ये नातेवाइकांकडून आजही ऐकू येतात. म्हणून हे स्पष्ट सांगतो: आईवडिलांच्या वाढवण्यामुळे स्किझोफ्रेनिया होत नाही.

याच काळात दुसरी मोठी घटना घडली. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांसाठी वापरले जाऊ लागले. भास आणि भ्रम आटोक्यात येऊ लागले आणि वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात राहिलेले रुग्ण घरी जाऊ शकले. घरी परत आलेल्या माणसाशी कसे वागावे, औषध कसे द्यावे, पुन्हा त्रास सुरू झाला तर काय करावे, हे मात्र घरच्यांना कोणी शिकवले नव्हते.

अमृतसरचे तंबू

या प्रश्नाला एक फार सुंदर उत्तर भारतात मिळाले. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर होते. रुग्णालयात गर्दी होती, कर्मचारी अपुरे होते. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णासोबत घरच्यांनाही राहायला बोलावले. आई, बायको, भाऊ रुग्णाची देखभाल करत. डॉक्टर त्या सर्वांना एकत्र बसवून आजाराबद्दल बोलत आणि प्रश्नांची उत्तरे देत. शेजारच्या तंबूतला रुग्ण बरा होऊन घरी जाताना दिसला की नव्याने आलेल्या कुटुंबाला धीर येई. आधारगटात आज जे चालते त्याचे बीज इथे दिसते. पुढे वेल्लोरसारख्या ठिकाणीही कुटुंबाला रुग्णासोबत ठेवण्याची पद्धत रुजली. आपल्याकडे कुटुंब रुग्णाच्या उशाशी पूर्वीपासून होतेच. डॉ. विद्यासागर यांनी त्याला समोर बसवून शिकवले, हे नवे होते.

लंडनचा अभ्यास: घरातले बोलणे

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन हे समाजशास्त्रज्ञ एका कोड्याचा माग काढत होते. औषध घेऊन बरे झालेले काही रुग्ण पुन्हा लवकर आजारी का पडतात? १९७२ मध्ये त्यांनी बर्ली आणि विंग या सहकाऱ्यांबरोबर १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरांत सतत टीका, राग किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी होती, तिथे नऊ महिन्यांत आजार उलटण्याचे प्रमाण ५८ टक्के होते. जिथे वातावरण शांत होते तिथे ते १६ टक्के होते. नियमित औषधांमुळे, तसेच तणाव असलेल्या घरात रुग्ण आणि नातेवाईक यांचा समोरासमोरचा सहवास आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी ठेवल्यामुळे धोका कमी होत होता.

या अभ्यासाचाही काहींनी "बघा, घरचेच जबाबदार" असा चुकीचा अर्थ काढला. खरा अर्थ वेगळा आहे. घरच्यांचा आवाज आजाराला जन्म देत नाही, पण थकलेल्या, घाबरलेल्या घरातला ताण रुग्णाला झेपत नाही. मुलगा दुपारी बारापर्यंत झोपतो तो आळस नसून आजाराचे लक्षण किंवा औषधाचा परिणाम असू शकतो, हे ज्या वडिलांना कळते त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. नंतर चंदीगडमध्ये डॉ. एन. एन. विग आणि सहकाऱ्यांनी हीच मोजपट्टी लावली. तिथल्या घरांत लंडनच्या तुलनेत टीकेचे प्रमाण कमी आढळले. औषधांच्या जोडीला कुटुंबाला माहिती आणि प्रशिक्षण दिले तर आजार उलटण्याचे प्रमाण घटते, हे त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे.

पालक स्वतः एकत्र येतात

आजारी माणसाच्या घरच्यांनी स्वतःचा गट करावा ही कल्पना आधी व्यसनाच्या क्षेत्रात आली. अमेरिकेत १९५१ मध्ये लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' सुरू झाले. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत इंग्लंडमध्ये जॉन प्रिंगल या वडिलांनी १९७० मध्ये 'द टाइम्स' वृत्तपत्रात आपल्या आजारी मुलाबद्दल लिहिले. त्याला इतर कुटुंबांचा इतका प्रतिसाद आला की १९७२ मध्ये 'नॅशनल स्किझोफ्रेनिया फेलोशिप' उभी राहिली. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅडिसन शहरात हॅरिएट शेटलर आणि बेव्हर्ली यंग या दोन आयांच्या पुढाकारातून 'नामी' ही संघटना निघाली. दोघींच्याही मुलांना स्किझोफ्रेनिया होता. ज्या आयांना एकेकाळी आजाराचे कारण ठरवले गेले, त्याच आता सरकारकडे उपचारांची आणि संशोधनाची मागणी करू लागल्या होत्या.

महाराष्ट्रात

आपल्याकडे पहिली ठळक वाट व्यसनमुक्तीच्या कामातून निघाली. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू केले. तिथे व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांशीही बोलले जाते आणि पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली. ज्या ठाण्याची ओळख अनेकांच्या मनात १९०१ पासूनच्या मनोरुग्णालयाशी जोडलेली होती, तिथेच मानसिक आरोग्यावर भर बाजारपेठेतल्या गावात उघडपणे बोलले जाऊ लागले.

स्किझोफ्रेनियासाठीचे काम मात्र एका कुटुंबीयाच्या हातून सुरू झाले. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नी कमलिनी यांना स्किझोफ्रेनिया होता. कुटुंबीयांच्या संघटना काय करू शकतात हे त्यांनी कॅनडात पाहिले होते. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन', म्हणजे 'सा', स्थापन झाली. पुढे स्वतः रुग्णाचे वडील असलेले अमृत बक्षी यांनी अध्यक्ष म्हणून ती दीर्घकाळ चालवली. रुग्णांचे पुनर्वसन, जनजागृती आणि कुटुंबीयांच्या नियमित बैठका हे संस्थेचे काम.

घराघरांत हा आजार पोहोचवला तो चित्रपटाने. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' २००४ मध्ये आला. त्यामागे डॉ. वाणी यांचा पुढाकार होता. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शेष अनेकांना आठवतो. मी मात्र कुटुंबीयांना सोनाली कुलकर्णी यांनी केलेल्या बहिणीकडे लक्ष द्यायला सांगतो. भावाला सांभाळायचे आणि स्वतःचा संसारही, या ओढाताणीत ती सापडलेली आहे. अनेक घरांतल्या बहिणींनी आणि वहिनींनी आपली स्थिती पडद्यावर प्रथमच पाहिली.

याच चळवळीत मराठीला दोन शब्द मिळाले. आजार असलेली व्यक्ती 'शुभार्थी' आणि तिची काळजी घेणारी 'शुभंकर'. पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे इतर आजारांचे गटही हे शब्द वापरतात. 'वेड्याची आई' ते 'शुभंकर' हा फरक केवळ शब्दाचा नाही. नाव मिळाले की त्या व्यक्तीच्या कामाची दखल घ्यावी लागते, तिची झोप, तिचा रक्तदाब, तिची नोकरी यांचाही विचार करावा लागतो.

"आमच्यानंतर काय?"

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा त्यात मृत्यू झाला. त्यांना तिथे ठेवणारे सारे नातेवाईक निर्दय होते असे मानणे सोपे आहे. गावाजवळ उपचार नाहीत, पैसे संपले, अंगातले बळ संपले आणि मदतीला कोणी नाही, अशी अवस्था झाली की माणसे अशा ठिकाणांकडे वळतात. आधारगटाची गरज किती खरी आहे, हे एरवाडीने सर्वांत कठोरपणे दाखवले.

कुटुंबीयांच्या बैठकांत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "आमच्यानंतर याचे काय?" १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांच्या पालकत्वाची सोय करतो, स्किझोफ्रेनिया त्यात येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र काढता येते. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा आणि समाजात राहण्याचा हक्क दिला, विश्वासातली व्यक्ती नामनिर्देशित करण्याची सोय केली आणि हाफवे होमसारख्या निवासांची जबाबदारी सरकारवर टाकली. कागदावरचे निवास प्रत्यक्षात फार थोडे आहेत. ते मागायला संघटित कुटुंबेच लागतील.

तुम्ही शुभंकर असाल तर

आधारगटात काय होते? दहा-वीस माणसे गोल बसतात. कोणी औषध नाकारणाऱ्या मुलाबद्दल बोलते, कोणी प्रमाणपत्र कसे काढले ते सांगते, कोणी फक्त ऐकते. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. तिथे ऐकलेले बाहेर सांगायचे नसते.

काही गोष्टी ध्यानात ठेवा. गट हा औषधाला पर्याय नाही. दुसऱ्याच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला सुरू करू नका, आणि डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नका. जिथे खात्रीने बरे करण्याचे आश्वासन मिळते किंवा औषधे सोडायला सांगतात, ती जागा टाळा. रुग्ण आत्महत्येबद्दल बोलत असेल, खाणेपिणे सोडले असेल किंवा हिंसक झाला असेल, तर बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात न्या.

नवी मुंबईकरांना ठाणे दूर नाही, नेरूळहून थेट लोकल आहे. कुठे जायचे ते सुचत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि घरच्यांनीही तिथे स्वतःसाठी बोलायला हरकत नाही. आणि पुढच्या वेळी स्वतःच्या रक्तदाबासाठी डॉक्टरकडे जाल, तेव्हा घरी कोणाची काळजी घेता तेही सांगा. तुमच्या उपचारासाठी ती माहिती तितकीच गरजेची आहे.