टेबलावरचा चहा आणि कवितेची खिडकी

धंतोलीतल्या आम्हां वाचकांना मुंबईचे ‘वेसाइड इन’ प्रथम भेटले ते अरुण कोलटकरांच्या कवितेतून. काळा घोडा परिसरातील या उपाहारगृहात कोलटकर दर गुरुवारी मित्रांसह बसत. समोर चौकातला भटका कुत्रा, कचरा झाडणारी बाई, सकाळची इडली आणि तिच्याभोवती जमणारे उपाशी लोक. हेच ‘काळा घोडा पोएम्स’चे विश्व. नजर एका जागी स्थिर आणि रस्ता वाहता, ही त्या कवितांची घडणच मुळी टेबलाशी बसून झालेली आहे. संग्रह २००४ साली प्रसिद्ध झाला. कवी त्याच वर्षी गेले. ‘वेसाइड इन’ त्याआधीच बंद पडले होते.

निसीम इझिकेल यांनी धोबी तलावच्या ‘बस्तानी’तील सूचनांच्या पाटीची कविता केली. ते इराणी हॉटेलही २००४ साली मिटले. जहांगीर कलादालनातील ‘समोवार’ १९६४ साली सुरू झाले आणि मार्च २०१५ मध्ये थांबले.

अशा जागांची आठवण आपण चवीने काढतो, ते योग्यच. पण त्यांनी दिले ते चवीहून मोठे होते : एका चहाच्या मोलात तासन्‌तास बसण्याची मुभा. ती मुभा वाङ्मयेतिहासात क्वचितच नोंदली जाते. वरील जागांना निदान कवी तरी लाभले. ज्या गावोगावच्या उपाहारगृहांना तो लाभला नाही, त्यांच्या टेबलांवरच्या चर्चा केवळ वृद्ध वाचकांच्या स्मरणात उरल्या आहेत. त्या वेळीच लिहून घेणे हे साहित्याच्या अभ्यासकाचेच काम होय.