सदाफुलीची पंचवीस पानं

मागच्या भारतवारीत सांगलीला मावशीकडे उतरलो होतो. सकाळी चहाआधी ती तुळशीवृंदावनाशेजारच्या सदाफुलीची चार-पाच पानं खुडून चावायची. "साखर आटोक्यात राहते रे," म्हणाली. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र तिने परस्पर अर्ध्यावर आणल्या होत्या. आम्ही कॉम्प्युटरवाले, औषधातलं आम्हाला काय कळणार! पण टोरांटोला परतल्यावर वाचायला बसलो, तर गोष्ट निघाली आमच्याच ओंटारिओतली.

आपल्या अंगणातली ही सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकातही मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत. १९५२ साली तिथून टोरांटोचे डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे पाकिटातून पंचवीस पानं आली. त्यांनी ती आपले भाऊ रॉबर्ट यांच्याकडे पाठवली. रॉबर्ट लंडनच्या (इंग्लंडमधलं नव्हे, आपल्या ओंटारिओतलं!) वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधक होते.

पानांचा अर्क उंदरांना पाजला, साखर ढिम्म हलली नाही. मग टोचून पाहिला, तर साखर तशीच, आणि उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गाने मेले. इथे वही मिटली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. पण उंदीर मेले कशाने, हे रॉबर्टनी शोधलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या, अस्थिमज्जेचं काम मंदावलं होतं. मग ज्या ल्युकेमियात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्यावर हे चालेल का? १९५४ मध्ये चार्ल्स बीअर हे रसायनतज्ज्ञ येऊन मिळाले आणि १९५८ मध्ये दोघांनी पानांतून वेगळं काढलेलं द्रव्य जगापुढे मांडलं. तेच व्हिन्ब्लास्टिन.

त्याच सुमारास अमेरिकेत एलाय लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोदा हेच झाड तपासत होते. त्यांच्या अर्काने ल्युकेमिया झालेले उंदीर जास्त दिवस जगले. तिथून निघालेल्या व्हिन्क्रिस्टिनला १९६३ मध्ये मंजुरी मिळाली आणि लहान मुलांच्या ल्युकेमियावर ते आजही देतात. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढणारे धागे ते जुळूच देत नाही. पण शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ते जेमतेम ग्रॅमभर मिळतं, आणि मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून द्यावं लागतं. पान चावणं आणि हे औषध, यांचा संबंध एवढाच.

मावशीला फोनवर उंदरांची हकिकत सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली.

"म्हणजे ती पोरांना वाचवते, आणि माझ्या साखरेचं काही नाही?"

पानं बंद झाली. गोळ्या पूर्ण घेते, असं म्हणते तरी. सदाफुली आहे तिथेच. फुलं पूजेला लागतात.