बचावाचं बिल कोणाच्या नावावर?

पावसाळ्यात एक बातमी दरवर्षी येतेच. गडावर ट्रेकर अडकले, रात्रभर शोध, पहाटे सुटका. त्याखालची पहिली कमेंटही ठरलेली: "यांच्याकडून सगळा खर्च वसूल करा!" राग समजू शकतो. पण हा प्रश्न जुना आहे, आणि त्याची वेगवेगळी उत्तरं लोकांनी आधीच देऊन बघितली आहेत. आजच्या भागात तीच बघू.

सुरुवात इगतपुरीपासून. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि मुंबईचा माणूस काही तासांत सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचायला लागला. हा घाट इतका खडा, की ३७ फूट पुढे गेलं की गाडी १ फूट वर चढते. म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. आपल्या तिकिटावर बँकरचा वेगळा आकार लिहिलेला नसतो. घाट आहे म्हटल्यावर धक्का लागणार, हे रेल्वेने आधीच धरलेलं असतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इगतपुरीच्या पुढचं स्टेशन घोटी. तिथून एक रस्ता बारीकडे, म्हणजे १६४६ मीटर उंच कळसूबाईच्या पायथ्याला जातो, तर दुसरा आंबेवाडीकडे, अलंग-मदन-कुलंगच्या पायथ्याला. अलंग आणि मदन म्हटलं की दोर लागतोच. का? १८१८ मध्ये मराठी राज्य गेल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांच्या वाटा मुद्दाम तोडल्या, म्हणजे तिथे पुन्हा कोणी ठाण मांडू नये. इथल्या तुटक्या पायऱ्यांचीही हीच कथा सांगतात. जिथे कोणी चढू नये म्हणून सुरुंग लावले, तिथे आज आपण रविवारी हौसेने चढतो.

घाटाचे राखणदार

घाटवाटा धोक्याच्या, हे जुन्या लोकांनाही माहीत होतं. म्हणून या डोंगरात महादेव कोळी नाईकांकडे घाट राखायचं काम असायचं. व्यापारी जकात भरायचा आणि बदल्यात वाट सुरक्षित मिळावी अशी अपेक्षा असायची. जुन्नरजवळ नाणेघाटात दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात. म्हणजे वाटसरू संकटात सापडल्यावर त्याच्या हातात बिल दिलं जात नव्हतं. वाटेवर पाऊल टाकतानाच थोडे पैसे घेतले जायचे.

आज पैसे कोण देतं?

आज फोन लागतो तो पोलिसांना, नाहीतर महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरला. गिर्यारोहकांनीच २०१६ मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था आहे. ती जवळच्या टीमला कळवते. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, नाशिकचे गिर्यारोहक. ही सगळी नोकरी-धंदा सांभाळून, स्वतःचं पेट्रोल जाळून येणारी माणसं. आणि त्यांच्याही आधी पोहोचतो तो पायथ्याच्या वाडीतला माणूस. त्याला वाट पाठ असते. तो बांबूला घोंगडी बांधतो आणि खांदा देतो. दुसऱ्या दिवशी भात लावणीवर जायचं असतं, ती मजुरी बुडते.

थोडक्यात, बिल आजही भरलं जातंय. फक्त ते भरणाऱ्याचं नाव बातमीत येत नाही.

"हौशी लोकांसाठी कशाला एवढी यंत्रणा?" असं कोणी म्हटलं, तर २८ जुलै २०१८ आठवा. पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, ३० जण गेले. त्या दरीत दोर लावून उतरले ते ट्रेकरच. २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हाही हेच लोक चढून गेले. छंद म्हणून शिकलेलं कसब गावाच्या कामी आलं.

बाहेर काय झालं?

डिसेंबर १९५६. फ्रान्समधल्या शामोनी गावावरच्या माँ ब्लाँ पर्वतावर दोन तरुण अडकले. लोक खालून दुर्बिणीतून त्यांना बघत होते, पण जायचं कोणी यावर घोळ. शेवटी हेलिकॉप्टर गेलं, तेही बर्फात कोसळलं. मोहीम सोडून दिली आणि दोघंही वर मेले. देशभर संताप झाला. १९५८ मध्ये सरकारने पर्वतातल्या बचावाची जबाबदारी ठरवून दिली आणि शामोनीत पोलिसांचं खास पथक उभं राहिलं. आजही तिथे डोंगरातून सरकारी पथकाने काढलं तर साधारणपणे बिल येत नाही.

शेजारच्या स्वित्झर्लंडची तऱ्हा वेगळी. तिथली रेगा ही हवाई बचाव संस्था १९५२ ची. लाखो लोक दरवर्षी छोटी वर्गणी भरतात. वर्गणीदार अडकला आणि विम्याने हात वर केले, तर संस्था खर्च माफ करू शकते.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मात्र निष्काळजीपणा केला असेल तर खरंच वसुली होते. पण तिथेही २०१५ पासून २५ डॉलरचं कार्ड निघालंय. ते आधी घेतलं असेल, तर साध्या निष्काळजीपणासाठी बिल येत नाही. फिरून आपण नाणेघाटाच्या रांजणापाशीच आलो की नाही?

ब्रिटनमधल्या स्वयंसेवी टीम पैसे घेतच नाहीत. त्यांचं म्हणणं साधं आहे: बिलाची भीती बसली की माणूस फोन उशिरा करतो. संध्याकाळी पाचला सोपी असलेली सुटका रात्री दहाला जीवघेणी होते, अडकलेल्यालाही आणि आणायला जाणाऱ्यालाही.

मग आपण काय करायचं?

माझं मत स्पष्ट सांगतो. नंतरची वसुली नको, आधीची वर्गणी हवी. बंदी मोडून, सूचना धुडकावून गेलेल्याला दंड जरूर करा, पण तो कायदा मोडल्याचा दंड. वाचवल्याचं बिल नव्हे.

काही गडांच्या पायथ्याशी आज प्रवेशशुल्क घेतात. त्यातला ठरावीक वाटा बचावासाठी बाजूला काढावा. त्यावर पहिला हक्क वाडीतल्या खांदेकऱ्यांचा: बुडालेली मजुरी आणि त्यांचा विमा. दुसरा हक्क टीमच्या दोरांचा आणि स्ट्रेचरचा. ते स्ट्रेचर वाडीतच ठेवावं. कारण याच इगतपुरी तालुक्यात रस्ता नसलेल्या वाड्यांवरून गरोदर बाईला डोलीत घालून आणल्याच्या बातम्या आजही येतात. ज्या खांद्यांवरून आपण खाली येतो, त्यांच्या घरच्या माणसाला त्याच वाटेने खाली आणायची सोय नसेल, तर आपल्या ट्रेकचा हिशेब चुकलाय.

व्यवस्था होईल तेव्हा होईल. तोवर ग्रुपची कॉन्ट्री काढताना चहा-नाश्त्याच्या खाली एक ओळ वाढवा, 'वाडीसाठी'. आणि कधी कोणी तुम्हाला खाली आणलंच, तर घरी पोहोचल्यावर फोन करून विचारा, काल कोणकोण आलं होतं, कोणाचा दिवस बुडाला.

तुमच्या गावाजवळच्या गडावर ही सोय कशी आहे, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, आणि जपून चढा!